इस्क्रा मावशीचा न केलेला उपास

इस्क्रा मावशी मार्चमध्ये गेली. एकाहत्तराव्या वर्षी, दुपारचा चहा पिता पिता, हृदय बंद पडून. पुरायला गेलो तेव्हा शेजारच्या गावातून दोन म्हाताऱ्या आल्या होत्या, कोणाच्या कोण देव जाणे. त्यातली एक पेटीकडं बघून दुसरीला म्हणाली, "हीच ती. चाळीस दिवस उपास करणारी." त्रोफीम काका, म्हणजे मावशीचा नवरा, हमसून हमसून रडत होता. तो मध्येच थांबला, नाक पुसलं अन् म्हणाला, "एक दिवस पण नाही केला हो. उगाच काही सांगू नका." अन् परत रडायला लागला.

म्हणून जे झालं ते नीट सांगितलेलं बरं. मावशी स्वतःच हे हसत हसत सांगायची, अन् तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही, पण आता ती नाही तर काय करणार.

मावशीचं कझाखस्तानात, उश्तोबेच्या बाजारात टेबल होतं, मटणाच्या शेडला लागून तिसरं. त्याच्यावर पांढरी वाडगी मांडलेली असायची. गाजराची तिखट कोशिंबीर, वांग्याची, नेच्याच्या कोंबांची, अन् आंबवलेला लाल कोबी. गाजर रोज तीस किलो, सगळं हातानं किसलेलं. मुलगी म्हणायची आई यंत्र घे, तर मावशी म्हणायची, "यंत्राला काय कळतंय गाजर कुठं गोड आहे ते." चाखून चाखून न घेणारं गिऱ्हाईक आलं की विचारायची, "जेवण झालं असेल तर हात धुवायला पाणी देऊ का?"

प्रार्थना पण तशीच करायची, बाजारात बोलल्यासारखी. आमच्या इथल्या कोरियन लोकांत किम आडनाव एवढं की रस्त्यावर "किम!" म्हणून हाक मारली तर निम्मा रस्ता वळून बघतो. म्हणून मावशी देवाला पत्ता द्यायची. "प्रभू, ल्युबा किमचा गुडघा बरा कर. रेल्वेफाटकाच्या पलीकडची ल्युबा, निळ्या दाराची. शाळेजवळची नव्हे, तिचे गुडघे ठणठणीत आहेत." प्रार्थनाघरात सगळे डोळे मिटून हसायचे.

तिच्या छप्पन्नाव्या वर्षी, ऑक्टोबरात, हे सुरू झालं. झालं काहीच नव्हतं, हेच तर अवघड होतं. मुलगी अल्माटीला सुखात, मुलगा कोरियात कारखान्यात, दर रविवारी फोन. कांद्याचं पीक चांगलं आलेलं. मावशी सकाळी गाजर किसायला बसली. अर्धं गाजर किसलं अन् हात थांबला. ती त्या अर्ध्या गाजराकडं बघत बसली. काका पाणी प्यायला आला तेव्हा बघत होती, अन् तासाभरानं जेवायला आला तेव्हा पण बघतच होती.

मग ती उठली, मागच्या खोलीत गेली, अन् भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. तिथंच राहिली.

ती नंतर सांगायची, "दुःख नव्हतं गं. दुःख असतं तर रडले असते, मला रडायला चांगलं येतं. हे म्हणजे कुणीतरी आतलं सगळं सामान उचलून नेलं, अन् जाताना खोली झाडून पण ठेवली." जेवण कागदासारखं लागायचं. झोप नाही. सकाळ झाली की वाटायचं, आज पण झालीच का. अन् प्रार्थनेला तोंड उघडलं की "प्रभू" एवढंच यायचं. पुढं काही नाही. तिला वाटलं, देव घर सोडून गेला अन् आपल्याला नवीन पत्ता दिला नाही.

त्रोफीम काकाला वाटलं ही रुसली. काका पत्र्याची छपरं बसवायचा. देवावर त्याचा विश्वास नव्हता, पत्र्यावर होता. प्रार्थनाघराचं छप्पर त्यानंच घातलेलं, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. म्हणायचा, "मी वरून जवळ आहे." आता बायको रुसली म्हटल्यावर त्यानं आपल्या चुका आठवायला घेतल्या, अन् रोज एक याप्रमाणं दारात उभं राहून कबूल करायला लागला.

पहिल्या दिवशी म्हणाला, "अगं, तुझी राखाडी शाल हरवली नव्हती. मी गाडीची काच पुसायला घेतली होती."

मावशी भिंतीकडंच.

दुसऱ्या दिवशी, "तुझ्या बहिणीचं लोणचं मला आवडलं म्हणालो होतो ना. नव्हतं आवडलं. मी ते शेजाऱ्याच्या डुकराला घातलं. त्यानं पण तसंच ठेवलं."

तिसऱ्या दिवशी, "मी सिगारेट सोडलेली नाही." हे तर अख्ख्या उश्तोबेला माहीत होतं.

चौथ्या दिवशी तो बराच वेळ दारात घुटमळला. मग एका दमात म्हणाला, "तुला मागणी घालायच्या आधी मी व्हेरा लिगायला मागणी घातली होती. ती नको म्हणाली." अन् त्यानं डोळे मिटून घेतले, काहीतरी फेकून मारेल म्हणून. काही आलं नाही. डोळे उघडले तर मावशी तशीच, भिंतीकडं. तेव्हा काकाला कळलं. तीस वर्षं दडवलेली गोष्ट ऐकून बायको वळून बघत नाही, म्हणजे ही रुसलेली नाही. ही आजारी आहे.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी तिला उठवून बसवायचा अन् चहात डब्यातलं घट्ट गोड दूध दोन चमचे घालून पाजायचा. कधी रव्याची खीर. ती तोंड उघडायची कारण न उघडलं तर तो जात नव्हता.

दहाव्या दिवशी आग्नेसाताई आली.

आग्नेसा मागाय म्हणजे प्रार्थनाघराच्या मंडळीतल्या बायकांच्या प्रार्थनागटाची प्रमुख. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळं उत्तर आधी सांगायची अन् प्रश्न नंतर विचारायची. मनानं वाईट अजिबात नव्हती, हे सांगायला पाहिजे. ती मागच्या खोलीत शिरली. पडदे ओढलेले. वाडग्यातलं जेवण तसंच, वर साय धरलेली. मावशी भिंतीकडं तोंड करून, गप्प, ओठ तेवढे मधूनच हलतात.

आग्नेसाताईनं छातीवर हात ठेवला. "इस्क्रा! तू उपासाला बसलीस!"

आग्नेसाताई खाटेवर वाकली.

"उपास आहे ना? प्रार्थनेसाठी?"

आता नाही म्हणायचं तर पुढं सांगावं लागणार. का नाही, मग काय आहे, कधीपासून आहे. तेवढी ताकद मावशीत नव्हती. तिनं मान हलवली. हो म्हणून.

"किती दिवसांचा?" आग्नेसाताईनं विचारलं, अन् लगेच स्वतःच हात वर केला. "नको, सांगू नकोस! उपास गुप्त ठेवायचा असतो. माझ्या तोंडून एक शब्द बाहेर जाणार नाही."

संध्याकाळपर्यंत रेल्वेफाटकाच्या दोन्ही बाजूंना कळलेलं होतं.

आता आमच्या मंडळीत एक रीत आहे. ज्याला काही मागणं असेल त्यानं ते चिठ्ठीवर लिहायचं अन् दाराजवळच्या डब्यात टाकायचं. रविवारी पाळक त्या चिठ्ठ्या सगळ्यांना वाटतात. ज्याच्या वाट्याला जी येईल तिच्यासाठी त्यानं आठवडाभर प्रार्थना करायची. माझं ओझं तुझ्याकडं, तुझं तिसऱ्याकडं, असं. पण मावशीच्या उपासाची बातमी पसरली अन् लोकांना वाटलं, कुणाच्या वाट्याला जाईल कुणास ठाऊक, त्यापेक्षा सरळ इस्क्राकडंच द्यावी. ती तर आता तिथंच बसलेली आहे, देवाच्या दारात. डबा रिकामा पडला. चिठ्ठ्या मावशीच्या खिडकीच्या वरच्या झडपेतून आत पडायला लागल्या. थेट पांघरुणावर.

काका बाहेर ओरडायचा, "अहो, ती झोपलीय!"

"आम्ही हळूच टाकतो," बाहेरून उत्तर.

काका एकेक उचलायचा, वाचून दाखवायचा, तिला जरा हसू येईल म्हणून. "हे बघ, 'जावयाला अक्कल दे.' हे तर देवाला पण जड जाईल. हे दुसरं, 'मुलीला नवरा मिळू दे, पण पाक आडनावाचा नको, आपणच पाक आहोत, एका कुळात कसं चालेल.' अन् हे, 'शेजाऱ्याच्या जर्दाळूच्या फांदीबद्दल प्रभूला सगळं माहीत आहेच.'" मावशी हसायची नाही. तो चिठ्ठ्या उशीच्या एका खोळीत भरून ठेवायचा.

अन् आता गंमत बघा. मागणी पुरी व्हायला लागली. आग्नेसाताईची गाय व्याली. तेन यांच्या मुलाचा व्हिसा आला. शाळेच्या गल्लीतला पाइप वर्षभर गळत होता, तो नगरपालिकेनं येऊन दुरुस्त केला, न सांगता, अन् हा तर कुणालाही पटेल असा चमत्कार होता. चिठ्ठ्या दुप्पट झाल्या. शेजारच्या गावांतून यायला लागल्या.

मावशीला प्रत्येक चिठ्ठी अंगावर वीट पडल्यासारखी लागायची. आपण सगळ्यांना फसवतोय. देवानं टाकलेली बाई मी, अन् हे लोक माझ्या खिडकीत देव शोधतायत. रोज वाटायचं आज खरं सांगू, अन् रोज तोंड उघडायला जमायचं नाही. जितके दिवस जायचे तितकं सांगणं अवघड. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले होते.

काका एकदा आग्नेसाताईला फाटकातच म्हणाला, "मी हिला ताल्दीकोर्गानला नेतो. डॉक्टरकडं."

"कसल्या डॉक्टरकडं?"

"डोक्याच्या."

"अरे त्रोफीम!" आग्नेसाताईनं इकडं तिकडं बघितलं. "विश्वासणाऱ्या बाईला डोक्याचा डॉक्टर? लोक म्हणतील हिचा देव कमी पडला. अन् नाव लागतं तिथं रजिस्टरात, विसरलास? एकदा लागलं की रखवालदाराची नोकरी पण देत नाहीत."

"ती गाजर विकते. गाजराला काय कळणार आहे रजिस्टर?"

"निदान उपास तरी पुरा होऊ दे."

मावशी आतून हे ऐकत होती. तिला पण तेच वाटत होतं, की डॉक्टरकडं गेलो तर देवावर नाराजी लिहून दिल्यासारखं. ज्या मंडळीत दर रविवारी लोक उभं राहून आनंदाच्याच साक्षी देतात, तिथं मला काहीच वाटत नाही हे कुठल्या तोंडानं सांगायचं. पाळक अर्तुर युगाय एकदा येऊन गेला. तरुण माणूस, आधी वायरमन होता. तो दारात उभा राहिला, त्याला काहीतरी बरोबर वाटत नव्हतं, पण आग्नेसाताई पुटपुटली, "पाळक, मध्ये बोलू नका, ती आत्ता वर आहे." तो टोपी हातात घेऊन परत गेला. नंतर त्यानं स्वतःच कबूल केलं, की जायला मिळालं म्हणून त्याला हायसं वाटलं होतं.

सहा आठवडे झाले. मग एका शनिवारी झडपेतून एक चिठ्ठी पडली, लोकरीच्या धाग्यानं बांधलेली. काकानं नेहमीप्रमाणं मोठ्यानं वाचायला घेतली.

"'इस्क्रा मावशी, मी रीता शिन, शिवणकामवाली. बाळ तीन महिन्यांचं झालं. बाळ चांगलं आहे, माझंच काही खरं नाही. दिवसभर रडू येतं, नाहीतर काहीच येत नाही. जेवण जात नाही. बाळाला घेतलं तरी दुसऱ्याचं घेतल्यासारखं वाटतं. माझा विश्वासच कमी पडला असणार. म्हणून तुम्ही करताय तसंच मी उद्याच्या रविवारपासून करणार. आनंद परत येईपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही. सासूबाई पण हो म्हणाल्या...'" काका वाचायचा थांबला.

अन् मावशी वळली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिनं भिंतीकडं पाठ केली.

"परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"अरे, अंगावर पाजणारी आहे ती," मावशी म्हणाली. आवाज गंजलेला. "अन् माझं बघून करतेय. जा, तिला सांग जेव म्हणावं."

काका तसाच, टोपी न घालता गेला. अर्ध्या तासानं परत आला. रीताच्या सासूनं फाटकातच अडवलं होतं. म्हणाली, तुम्ही तर प्रार्थनाघरात पण येत नाही, तुम्हाला उपासातलं काय कळतं.

"उद्या मला घेऊन चल," मावशी म्हणाली.

"तुला उभं राहवत नाही."

"मग धर."

रविवारी काकानं तिला गाडीत बसवलं. गाडीच्या टपावर शिडी तशीच, सोडवायला वेळ नव्हता. चिठ्ठ्यांची खोळ मावशीच्या मांडीवर. प्रार्थनाघराच्या पायरीपर्यंत त्यानं धरून आणलं अन् तिथं सोडलं, सवयीनं. पुढं ती भिंतीला धरत गेली.

ती आत दिसली अन् सगळी मंडळी उभी राहिली. आग्नेसाताई धावत आली, तिला हाताला धरून अगदी पुढं नेलं. "इस्क्रा बहीण साक्ष देणार आहे!" मावशी टेबलाला धरून उभी राहिली. मिनिटभर शब्दच फुटेना. लोकांना वाटलं हे काहीतरी पवित्र आहे. गायनमंडळातली एक रडायला पण लागली.

मावशी म्हणाली, "मी उपास केलेला नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमेन."

"आमेन काय आमेन? मी सांगतेय उपास नाही केला. मला जेवण जात नव्हतं म्हणून मी जेवले नाही."

आग्नेसाताई सगळ्यांकडं वळली. "बघा. किती नम्रता."

"नम्रता नाही गं बाई! खोटं बोलले. तू विचारलंस, मी मान हलवली, कारण नाही म्हणायला जास्त जोर लागत होता."

"खरा उपास करणारा असंच म्हणतो," रीताची सासू म्हणाली.

मावशीनं खोळ उचलली अन् टेबलावर उलटी केली. चिठ्ठ्यांचा ढीग पडला, काही घरंगळत पहिल्या बाकाखाली गेल्या. "यातल्या एकीसाठी पण मी प्रार्थना केलेली नाही. सहा आठवडे मला 'प्रभू'च्या पुढं एक शब्द सुचलेला नाही."

"पण माझी गाय?" आग्नेसाताई म्हणाली.

"तुझी गाय आपली आपण व्याली, आग्नेसाताई! माझ्या आजाराच्या किती महिने आधीपासून तिची तयारी चालू होती!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण चेहरे बघून मावशीला कळलं, अजून पटत नाहीये. जितकं नाही म्हणावं तितकी ती त्यांच्या डोळ्यांत उंच चढत होती. 

तेवढ्यात दार आपटलं. त्रोफीम काका, डोक्यावर टोपी तशीच, तरातरा मधल्या वाटेनं आत. आपण घातलेल्या छपराखाली तो पहिल्यांदा येत होता, अन् त्याला ते कळलं पण नाही.

"दूध!" तो ओरडला. "रोज सकाळी डब्यातलं गोड दूध, दोन चमचे, मी स्वतः पाजलंय! रव्याची खीर पण! अन् गेल्या गुरुवारी अर्धी पिगोदी खाल्ली तिनं. मांसाची!"

मंडळीनं श्वास रोखला. देवाबद्दल बोलला असता तर कुणी मनावर घेतलं नसतं, पण वाफवलेल्या, डुकराचं मांस भरलेल्या पिगोदीपुढं कुणाचं काय चालणार.

"गुरुवारी?" आग्नेसाताई खाली बसत म्हणाली. "गुरुवारी तर मी तिच्या नावानं स्वतः उपास केला होता."

आता हसू फुटलं, सगळीकडून. मावशी हसली नाही. ती बाकांवरून नजर फिरवत होती. "रीता कुठं आहे? उठू नकोस, बस. ऐक माझं. मी केलं तो उपास नव्हता, आजार होता. तुझं पण तेच दिसतंय. तू काही चुकलेली नाहीस. जेव बाई. आत्ता जेव."

रीता शेवटच्या बाकावर होती, बाळ मांडीवर. तिनं नुसतं तोंड झाकून घेतलं.

मग पाळक अर्तुर उठला. त्यानं लिहून आणलेलं प्रवचन घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाला, "मी दहा वर्षं वायरमन होतो. कुणाच्या घरात दिवा लागत नसला तर मी त्या घरवाल्याला कधी म्हणालो नाही, की तुझा उजेडावर विश्वास कमी आहे. तार बघायचो. अन् इथं पाळक झाल्यावर मी या बहिणीच्या दारातून परत गेलो. मला माफ करा."

तो पुढं म्हणाला, "त्या पक्षाघातवाल्या माणसाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. चौघांनी त्याला खाटेसकट उचललं, घराचं छप्पर उकललं अन् येशूसमोर खाली सोडलं. त्या माणसानं स्वतः काय प्रार्थना केली? एक शब्द नाही. तो पडून होता. येशूनं बघितला तो उचलणाऱ्यांचा विश्वास. अन् आपण काय केलं? आपण खाटेवरच्या बाईला म्हणालो, आम्हाला उचल."

"पण ते छप्पर मग कुणी दुरुस्त केलं?" त्रोफीम काकानं विचारलं. खरंच विचारलं, त्याला राहवलं नाही.

"ते शास्त्रात दिलेलं नाही, काका."

"नेहमीचंच आहे," काका म्हणाला.

मग पाळकानं सगळ्यांना सांगितलं, आपापल्या चिठ्ठ्या ढिगातून परत घ्या अन् डब्यात टाका, पूर्वीसारख्या वाटू. कुणी उठेना. जावयाला अक्कल मागणारीचा जावई तिच्या शेजारीच बसला होता. शेवटी पाळकानं दिवे घालवले अन् म्हणाला, आता या. अंधारात बरीच खुडबूड झाली. दिवे लावले तेव्हा टेबल साफ होतं. पाळकानं एक कोरा कागद घेतला, त्यावर लिहिलं अन् मोठ्यानं वाचलं. "इस्क्रा अन् रीता. मंगळवारी ताल्दीकोर्गान, डॉक्टर. बाळाला कोण सांभाळणार? बरोबर कोण जाणार?"

रीताची सासू उठून उभी राहिली. मग म्हणाली, "बाळ माझ्याकडं. बरोबर आणते, पाजायला लागेल. आम्ही पण येतो."

"अन् मी," आग्नेसाताई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मीच पाठवलं सगळ्यांना त्या खिडकीवर."

पण त्याआधी प्रार्थनाघराच्या चहाच्या खोलीत रीतासमोर सोयाबीनच्या सूपचं वाडगं ठेवलं गेलं, अन् अकरा बायका ती जेवते की नाही हे बघायला भोवती उभ्या राहिल्या. शेवटी मावशीनं त्यांना हाकललं. म्हणाली, "असं बघितलं तर गाय पण खाणार नाही."

मंगळवारी एका गाडीत सहा माणसं, बाळ धरून, अन् टपावर शिडी. डॉक्टरबाई कझाख होती, बारीक, चष्मेवाली. तिनं विचारलं, "आजारी कोण?"

आग्नेसाताई म्हणाली, "या दोघी. पण मी सांगते."

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरबाई म्हणाली. चाळीस वर्षांत आग्नेसाताईला वर्गाबाहेर कुणी काढलं नव्हतं.

मावशीनं सगळं सांगितलं अन् मग विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. विश्वास कमी पडल्यानं होतं का हे?"

डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाली, "तो मोजायचं यंत्र सरकारनं मला दिलेलं नाही. वजन मोजते, रक्तदाब मोजते, झोप विचारते. तुम्हाला नैराश्याचा आजार आहे. गोळ्या घ्या, तीन आठवडे काही कळणार नाही, तरी घ्या. अन् प्रार्थना बंद करा असं मी म्हटलेलं नाही, हे बाहेरच्या बाईंना सांगा, त्या दाराला कान लावून आहेत."

तीन आठवडे खरंच काही कळलं नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी काका चहा घेऊन आला तर मावशी उठून बसलेली.

"व्हेरा लिगाय?" ती म्हणाली.

काकानं पेला खाली ठेवला.

"तिनं नाही म्हटलं म्हणून मी होय? अन् ती शाल माझ्या आईची होती."

काका खाटेच्या कडेला बसला अन् लहान मुलासारखा रडला. मावशी म्हणायची, त्या दिवशी मी त्याला दोन तास बोलले अन् दोन तास तो आनंदानं मान हलवत होता.

प्रार्थना मात्र गोळ्यांबरोबर आली नाही. मावशी रविवारी मागच्या बाकावर रीताच्या शेजारी बसायची. पाळक म्हणाला होता, तोपर्यंत आम्ही म्हणतो, तुम्ही नुसत्या बसा. मग ती बसायची. तिला वाटायचं लाज वाटेल, पण नाही वाटली. वाट्याला आलेली चिठ्ठी ती पिशवीत ठेवायची अन् पुढच्या रविवारी तशीच परत करायची, तोंडावर सांगून, की प्रार्थना झाली नाही. फेब्रुवारीत कोबी धुताना प्रार्थना अचानक आली. कुणाचं नाव नाही, काही मागणं नाही. मावशी म्हणाली, "प्रभू, पाणी फार गार आहे." एवढंच. अन् तिला कळलं की हे कुणीतरी ऐकलं.

रीता तिच्या आधी बरी झाली. तिचा तो मुलगा आता मावशीच्या पेटीला खांदा द्यायला होता.

मावशीला तो आजार पुढं दोनदा परत आला. येत असला की तिला कळायचं, गाजर जड व्हायचं. मग ती डॉक्टरांचा दिवस ठरवायची अन् टेबलावर पुठ्ठा लावायची: "आजारी आहे. उपास नाही. कोशिंबीर शेजारच्या टेबलावर घ्या." गोळी ती चहाच्या खोलीत सगळ्यांसमोर घ्यायची. कुणी विचारलं तर सांगायची, "डोक्याची आहे. तुला कसली, गुडघ्याची ना? मग झालं तर."

त्यामुळं काय झालं, की बाजारात तिच्या टेबलाशी वेगळीच गिऱ्हाइकं यायला लागली. पाव किलो गाजर घ्यायचं, इकडं तिकडं बघायचं, अन् हळूच विचारायचं, ती डॉक्टरबाई कुठल्या खोलीत बसते. मावशी कोशिंबीर बांधता बांधता सगळं सांगायची, बस कुठली, जिना कुठला, अन् त्या बाईच्या बोलण्यानं घाबरू नका. किती जणी गेल्या ते तिनं कुणाला सांगितलं नाही, काकाला पण नाही.

काही वर्षांनी एका दुपारी आग्नेसाताई आली. नवरा गेल्याला वर्ष झालं होतं. शाल नीट, केस नीट, पण डोळे कुठंतरी लांब. बराच वेळ वाडग्यांकडं बघत उभी राहिली.

"पाव किलो गाजर दे."

"तुला गाजर आवडत नाही."

"दे तरी." मग पिशवी उघडत, "माझ्या ओळखीतली एक बाई आहे. तिला झोप येत नाही. तिला विचारायचं होतं, ती डॉक्टर अजून मंगळवारीच असते का."

मावशीनं हात पुसले. तिला दहा गोष्टी सुचल्या होत्या, अन् दहाही आग्नेसाताईला लागल्या असत्या. त्यातली एकही ती बोलली नाही.

"असते. तुझ्या ओळखीतल्या बाईला सांग, मी येते बरोबर. सकाळी आठला बस. अन् जेवून ये म्हणावं."

"तिला जेवण जात नाही."

"मग सात वाजताच माझ्याकडं ये," मावशी म्हणाली. "मी भरवते."

मंगळवारी त्या दोघी बसमध्ये शेजारी शेजारी बसून गेल्या. आग्नेसाताईच्या मांडीवर डबा होता, अन् ताल्दीकोर्गानपर्यंत मावशी तिला एकेक घास पुढं करत होती.